प्रगत कर्करोगातील अतिघाम: कारण ओळखून उपचार कसा ठरवावा

आपण कळवलेली परिस्थिती अशी आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत, मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेला आहे, केमोथेरपी काही महिन्यांपूर्वी थांबवली आहे आणि वेदनांसाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. गेले काही आठवडे त्यांना रात्री इतका घाम येतो की कपडे आणि चादर दोन-तीन वेळा बदलावी लागते. तपासण्यांत जंतुसंसर्ग सापडलेला नाही. ताप चढला की आपण पॅरासिटामॉल देता, त्याने ताप उतरतो, मात्र त्यानंतरच घामाचा लोट सर्वांत मोठा येतो. आजारात असे होणारच, असे आपल्याला सांगण्यात आले आहे, आणि हे सोसण्यावाचून खरोखरच काही मार्ग नाही का, तसेच हा घाम शेवट जवळ आल्याची खूण आहे का, असे आपण विचारले आहे.

मी अनेक वर्षे उपशामक उपचारांचे, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्याचे, काम करते. घामाची तक्रार रुग्ण क्वचितच आपणहून सांगतात. वेदना, उलट्या, धाप यांच्यापुढे ती सांगण्याजोगी नाही असे त्यांना वाटते, आणि डॉक्टरही ती विचारायला विसरतात. प्रत्यक्षात रात्री तीनदा ओलेचिंब होऊन उठणाऱ्या माणसाची झोप मोडते, थंडीने अंग काकडते, त्वचा सोलवटते, आणि त्याच्याबरोबर शुश्रूषा करणाऱ्याचीही रात्र जाते. म्हणून आपला प्रश्न मी घामापुरता मर्यादित धरत नाही. वडिलांची आणि आपली रात्र पुन्हा सुसह्य कशी होईल, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुतेक वेळा बऱ्याच अंशी देता येते, परंतु कारण ओळखल्याशिवाय औषध निवडले तर ते सहसा फसते.

मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे पुढील विवेचन ही मी विचार कसा करते त्याची मांडणी आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. यकृत आणि मूत्रपिंड किती काम करत आहेत, प्लेटलेट किती आहेत, मधुमेह आहे का, पूर्वी पोटात व्रण किंवा रक्तस्राव झाला होता का, या गोष्टींवर निर्णय पूर्णपणे बदलू शकतो.

सर्वप्रथम, ज्या घामासाठी सकाळपर्यंत थांबू नये तो कोणता हे सांगते. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा नुकतीच झालेल्या रुग्णाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप आला, तर पांढऱ्या पेशी कमी असण्याची शक्यता धरून त्याच वेळी रुग्णालयाशी संपर्क साधावा. हुडहुडी भरून येणारा ताप, नव्याने आलेली गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, लघवी फार कमी होणे, छातीत दुखणे किंवा एकाएकी वाढलेली धाप यांसोबत घाम असेल तरीही हेच लागू आहे. पित्तनलिकेत नळी बसवलेली असेल, तर थंडी वाजून आलेला ताप आणि वाढणारी कावीळ हे नळी तुंबून संसर्ग झाल्याचे लक्षण असू शकते. मधुमेहाची औषधे चालू असताना खाणे कमी झाले असेल, तर थंडगार घाम, थरथर आणि घाबरल्यासारखे वाटणे म्हणजे रक्तातील साखर उतरलेली असू शकते, आणि ती तिथल्या तिथे मोजून पाहावी. घटलेल्या वजनाच्या रुग्णात मधुमेहाच्या जुन्या मात्रा तशाच चालू राहिल्याचे मला वारंवार आढळते.

यांपैकी काही नसेल तर शांतपणे कारणाकडे वळता येते. त्यासाठी ताप आणि घाम यांचा संबंध समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण आपल्या वर्णनातला सर्वांत महत्त्वाचा धागा तिथेच आहे. शरीराचे तापमान किती असावे हे मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग ठरवतो. संसर्गामुळे किंवा गाठीतून आणि तिच्याभोवतीच्या पेशींतून सुटणाऱ्या रसायनांमुळे ही ठरवलेली पातळी वर सरकते. तेव्हा शरीराला आपण थंड आहोत असे वाटते, रुग्णाला हुडहुडी भरते आणि ताप चढतो. काही तासांनी किंवा औषधामुळे ती पातळी खाली आली, की शरीराकडे उष्णता जास्त झालेली असते आणि ती टाकण्याचा मार्ग म्हणजे घाम. म्हणजेच दरदरून येणारा घाम बहुधा ताप उतरत असल्याचे दाखवतो. आता पॅरासिटामॉल ताप चढल्यावरच दिले, तर प्रत्येक वेळी पातळी वर जाते, औषधाने खाली येते, घाम सुटतो, औषधाचा असर संपला की ती पुन्हा वर जाते. रात्रभर हा चढउतार चालू राहतो आणि पॅरासिटामॉलने घाम वाढतो असे घरच्यांना वाटते. औषधाची निवड चुकलेली नसते, ते देण्याची पद्धत बदलायची असते.

कारण शोधताना मी तपासण्यांच्या आधी वेळ विचारते. घाम कधी येतो, त्याआधी ताप किंवा थंडी असते का, कोणते औषध सुरू केल्यापासून किंवा वाढवल्यापासून तो वाढला, आणि औषधाच्या दोन मात्रांमध्ये तो नेमका कुठे येतो, एवढ्यावरून पुष्कळ उलगडते. ताप चढून उतरताना येणारा घाम संसर्गाचा किंवा गाठीमुळे येणाऱ्या तापाचा असतो. लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), मूत्रपिंडाचा कर्करोग आणि यकृतात पसरलेला कोणताही कर्करोग यांत असा ताप विशेष आढळतो, आणि असा रुग्ण ताप असूनही संसर्गाच्या रुग्णाइतका आजारी दिसत नाही. तरीही गाठीचा ताप हे निदान संसर्ग काळजीपूर्वक वगळल्यानंतरच करावे, आणि त्यात क्षयरोगही धरावा, कारण क्षीण झालेल्या शरीरात जुना क्षय पुन्हा डोके वर काढू शकतो व त्याचाही घाम रात्रीचाच असतो.

औषधांमुळे येणारा घाम ताप नसतानाही येतो. मॉर्फिन आणि त्याच्या वर्गातील सर्वच औषधांनी घाम वाढू शकतो, मेथाडोनने विशेष. नैराश्यावरील अनेक औषधे आणि स्टेरॉइडेही या यादीत आहेत. याच्या उलट, मॉर्फिनची मात्रा चुकली किंवा उलटीतून पडून गेली तर शरीर ते मागू लागते. तेव्हा पुढच्या मात्रेच्या आधी घाम येतो आणि त्यासोबत जांभया, अंगावर काटा, अस्वस्थता, पोटात कळा असतात. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड अचानक बंद केले तर वेगळाच धोका असतो. अशक्तपणा आणि रक्तदाब उतरणे यांसोबत घाम येतो आणि त्यावर तातडीने उपचार लागतो. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगावरील हार्मोन उपचारांत चेहऱ्यापासून उसळणारी उष्णतेची लाट आणि पाठोपाठ घाम, असे चित्र असते. न आवरलेल्या वेदनेमुळे, श्वास अपुरा पडल्यामुळे किंवा भीतीमुळेही घाम येतो, आणि रात्री एकटेपणी वाढणारी भीती रुग्ण कित्येकदा घाम याच शब्दाआड ठेवतो. म्हणून झोप का लागत नाही असे मी वेगळे विचारतेच. शरीराच्या एकाच बाजूला घाम येत असेल किंवा एक बाजू पूर्ण कोरडी पडली असेल, तर छातीतील किंवा मणक्याजवळील गाठ घामाच्या नसांपर्यंत पोहोचली आहे का, हे पाहावे लागते.

आपल्या वडिलांच्या बाबतीत यकृतातील गाठी, ताप, आणि ताप उतरताना येणारा घाम हा क्रम पाहता गाठीमुळे येणारा ताप हे पहिले कारण वाटते, आणि मॉर्फिनची त्यात भर पडत असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर मी आधी पॅरासिटामॉल ठरावीक वेळांना देऊन पाहीन, म्हणजे ताप चढण्याची वाट न पाहता दिवसरात्र सारख्या अंतराने. प्रौढाची नेहमीची मात्रा दर सहा तासांनी ५०० ते १००० मिलिग्रॅम असते आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जायचे नसते. परंतु वजन ५० किलोहून कमी असेल, खाणे तुटले असेल किंवा यकृताचे काम मंदावले असेल, तर ही कमाल मर्यादा बरीच खाली आणावी लागते, आणि ती त्यांच्या रक्ततपासणीवरून डॉक्टरांनीच ठरवावी. सर्दीच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते या हिशेबात धरायला विसरू नये.

एवढ्याने दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर पुढची पायरी म्हणून नॅप्रोक्सेन या दाह आणि वेदना कमी करणाऱ्या औषधाचा विचार करते. गाठीमुळे येणाऱ्या तापावर ते अनेकदा लक्षणीय परिणाम करते. इतके की १९८४ मध्ये काही डॉक्टरांनी नॅप्रोक्सेनने ताप उतरतो का यावरूनच गाठीचा ताप आणि संसर्गाचा ताप वेगळे करण्याची कल्पना मांडली होती. पुढच्या अनुभवाने ती कसोटी पुरेशी भरवशाची ठरली नाही, त्यामुळे ताप उतरला म्हणून संसर्ग नाही असे मी कधी मानत नाही. उपचार म्हणून मात्र त्याचे स्थान टिकून आहे. सहसा २५० ते ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जठराचे रक्षण करणाऱ्या गोळीसह आणि खाण्यानंतर दिले जाते. मूत्रपिंडाचे काम बिघडले असेल, प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, हृदय कमजोर असेल किंवा पोटात पाणी साचले असेल, तर ते देऊ नये. यकृताच्या आजारात ही बंधने वारंवार आड येतात.

ते देता येत नसेल तर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड कमी मात्रेत उपयोगी पडते, आणि भूक व उत्साह यांनाही त्याने थोडा काळ हातभार लागतो. ते सकाळीच द्यावे, कारण संध्याकाळी दिल्यास झोप उडते आणि ज्या रात्रीसाठी आपण धडपडत आहोत तीच बिघडते. त्याने साखर वाढते, तोंडात बुरशी येते, स्नायू दुबळे होतात आणि संसर्गाचा ताप झाकला जातो. म्हणून सुरू करतानाच किती दिवसांनी परिणाम पाहायचा आणि लाभ नसेल तर कसे उतरवायचे, हे मी ठरवून ठेवते.

मॉर्फिनबद्दल एक विनंती आहे. घाम त्यामुळे येतो अशी शंका आली तरी ते आपल्या मनाने कमी करू नका किंवा बंद करू नका. वेदना उसळल्या की घाम वाढेल, आणि औषध तुटल्याचा घाम त्यात मिसळेल. मात्रा वाढवल्यानंतर काही दिवसांत घाम स्पष्टपणे वाढला असेल, तर त्याच वर्गातील दुसऱ्या औषधाकडे वळणे हा मार्ग असतो. समतुल्य मात्रा काढून हा बदल डॉक्टर करतात, आणि त्याने कित्येकदा घाम बराच उतरतो. आपण वेदनाशामक पॅचचा (त्वचेवर चिकटवायच्या औषधी पट्टीचा) उल्लेख केलेला नाही, पण पुढे तशी वेळ आली तर लक्षात ठेवा की घामाने फेंटानिल या मॉर्फिनच्याच वर्गातील औषधाचा पॅच सुटतो, आणि अंगात ताप असताना त्वचेतून औषध अधिक प्रमाणात आत जाते. अशा वेळी गुंगी किंवा मंद श्वास दिसला तर तो दुर्लक्षित करू नये, आणि पॅचवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये.

ताप नाही, संसर्ग नाही, औषधे बदलून झाली, तरीही घाम येतोच, अशा स्थितीत घामाच्या ग्रंथींकडे जाणारा संदेश रोखणारी औषधे वापरतात. या ग्रंथींना असेटिलकोलीन या रसायनातून आज्ञा मिळते, आणि ग्लायकोपायरोनियम, हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड, ऑक्सिब्युटिनिन किंवा रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलिन ती आज्ञा अडवतात. परिणाम चांगला होऊ शकतो, परंतु हीच आज्ञा तोंडातील लाळ, आतड्याची हालचाल आणि मूत्राशय यांनाही लागते. तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता आणि लघवी तुंबणे हे परिणाम मॉर्फिन घेणाऱ्या आणि प्रोस्टेट वाढण्याच्या वयातील पुरुषात फार त्रासदायक ठरतात, आणि यांतील जी औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात त्यांनी वृद्ध रुग्ण गोंधळून जातो. म्हणून मी सहसा मेंदूत फारसे न शिरणारे ग्लायकोपायरोनियम निवडते. ताप चालू असताना घाम बंद करण्यात आणखी एक दोष आहे. शरीराची उष्णता टाकण्याची वाटच बुजते, आणि रुग्ण कोरडा पण अधिक तापलेला होतो. आधी ताप, मग घाम, हा क्रम मी यामुळेच सोडत नाही.

इतर पर्याय विशिष्ट परिस्थितींसाठी आहेत. हार्मोन उपचारांनी येणाऱ्या उष्णतेच्या लाटांवर व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन देतात, आणि स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरॉक्सेटिन व फ्लुओक्सेटिन टाळावे, कारण ती टॅमॉक्सिफेनला कार्यक्षम रूप मिळू देत नाहीत. ज्या गाठी स्वतःच हार्मोन सोडतात, त्यांपैकी काहींत ऑक्ट्रिओटाइड उपयोगी पडते. ओलान्झापिन आणि थॅलिडोमाइड यांचेही वर्णन आहे, पण या सर्व विषयात मोठे, पक्के अभ्यास थोडे आहेत आणि बरीचशी माहिती लहान गटांवरील निरीक्षणांची आहे. त्यामुळे मी एका वेळी एकच औषध बदलते, परिणाम पाहण्याची मुदत आधी ठरवते, आणि उपयोग नसेल तर ते खरोखर बंद करते. घामासाठी सुरू झालेली आणि कोणाच्या लक्षात न राहिलेली तीन-तीन औषधे घेणारे रुग्ण मी पाहते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

औषधाइतकेच महत्त्व अंथरुणाला आणि त्वचेला आहे. खोलीत हवा खेळती असावी आणि पंखा मंद असावा, पण ओल्या अंगावर थेट झोत नको, कारण त्याने हुडहुडी भरते. जाड पांघरुणाऐवजी पातळ सुती पांघरुणांचे दोन-तीन थर ठेवले तर रात्री एकच थर काढता किंवा घालता येतो. गादी भिजू नये म्हणून प्लॅस्टिक अंथरले असेल तर ते रुग्णाच्या अंगाला सरळ लागू देऊ नका. त्यावर पाणी शोषणारा जाड सुती थर हवा. मी घरच्यांना एक सोपी रचना सांगते: झोपताना गादीवर दोन चादरी आणि त्यांच्यामध्ये शोषक थर घालावा, म्हणजे रात्री वरची चादर आणि तो थर ओढून काढला की खाली कोरडी चादर तयार असते आणि रुग्णाला पूर्ण उठवावे लागत नाही. कपडे पुढून पूर्ण उघडणारे असावेत. अंग पुसायला कोमट पाणी घ्यावे. बर्फाचे किंवा फार थंड पाणी वापरल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, थंडी भरते आणि ताप उलट वर जातो.

ओलसर त्वचा लवकर फाटते. काखा, जांघा, पाठीचा खालचा भाग आणि टाचा रोज उजेडात पाहाव्यात, घासण्याऐवजी टिपून कोरड्या कराव्यात, आणि लालसर, खाज सुटणारा, कडेला बारीक पुळ्या असलेला पट्टा दिसला तर बुरशीवरील मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. पावडर टाळावी, घामात तिचे गोळे होऊन त्वचेला घासतात. पाणी घोट-घोट, पण दिवसभर द्यावे. लघवी गडद होत असेल किंवा उठताना चक्कर येत असेल, तर मीठ-साखरेचे पाणी चालेल का, हे त्यांच्या हृदयाची आणि पोटातील पाण्याची स्थिती पाहून डॉक्टरांना विचारावे.

आपण स्वतः किती रात्री जागत आहात, हे आपल्या प्रश्नात ओझरते आले आहे. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रुग्ण फारसे कुरकुरत नसला तरी शुश्रूषा करणारी व्यक्ती आठवडेच्या आठवडे झोपलेली नाही, एवढे कारण उपचार वाढवायला मला पुरेसे वाटते. शक्य असेल तर आठवड्यातील काही रात्री दुसऱ्या कोणाकडे सोपवा.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. आठवडेच्या आठवडे तापासोबत येणारा हा घाम आजार सक्रिय असल्याचे सांगतो, पण शेवट काही दिवसांवर आल्याची ती खूण नाही. अखेरच्या तासांत किंवा दिवसांत येणारा घाम वेगळा असतो: तो थंड आणि चिकट असतो, हातपाय गार व निळसर होतात, नाडी क्षीण लागते, रुग्ण बहुतांश वेळ जागा होत नाही आणि श्वासाची लय बदलते. त्या वेळी घामासाठी नवे औषध सुरू करण्यात अर्थ नसतो, आणि रुग्णाला त्याची जाणीवही बहुधा नसते. आपल्या वर्णनात यांपैकी काहीही दिसत नाही.

पुढच्या भेटीला जाण्यापूर्वी चार दिवस एक साधी नोंद ठेवा. तापमान दिवसातून चार वेळा आणि घाम फुटल्यावर लगेच मोजून लिहावे. पॅरासिटामॉल आणि मॉर्फिनच्या प्रत्येक मात्रेची वेळ लिहावी. कपडे किती वाजता बदलावे लागले तेही लिहावे. त्या कागदासोबत चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या न्या, आणि दोन प्रश्न थेट विचारा: त्यांच्या यकृताला व मूत्रपिंडाला पॅरासिटामॉलची किंवा नॅप्रोक्सेनची ठरावीक वेळांची मात्रा झेपेल का, आणि ताप उतरूनही घाम राहिला तर मॉर्फिन बदलण्याचा विचार करता येईल का. जवळपास उपशामक उपचारांचा विभाग असेल तर तिकडे पाठवण्याची विनंतीही याच भेटीत करावी.